वाचकाच्या हाती आलेला माहितीपट

पूर्वी चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखविला जात असे. दिग्दर्शकाने ठरविलेल्या क्रमाने तो पाहावयाचा, एवढेच प्रेक्षकाचे काम. संगणकामुळे हा क्रम प्रेक्षकाच्या हाती आला व ‘संवादी माहितीपट’ जन्मास आला. कोठे जावयाचे, कोणाचे प्रथम ऐकावयाचे, हे त्यात पाहणारा ठरवितो.

त्याचे मूळ १९७८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. या संस्थेने सुरू केलेल्या प्रयोगात सापडते. अ‍ॅस्पेन गावातून कॅमेरे बसविलेली मोटार फिरवून दर दहा फुटांवर छायाचित्रे घेण्यात आली. पडद्यास बोट लावून प्रेक्षक त्या गावात डावीउजवीकडे वळू शके. पैसा संरक्षण खात्याचा होता. पत्रकारितेचा विचार त्यात नव्हता.

पत्रकारितेने हे साधन इंटरनेटच्या काळात हाती घेतले. २००८ साली फ्रान्सच्या ‘ल मोंद’ दैनिकाच्या संकेतस्थळावर चीनच्या कोळसा खाणींवरील माहितीपट आला. त्यात वाचकच बातमीदार होई व पुढे कोणता प्रश्न विचारावयाचा ते निवडी.

त्याच वर्षी ‘आर्ते’ या फ्रेंच-जर्मन दूरचित्रवाणीने ‘गाझा-सदेरोत’ ही मालिका इंटरनेटवर दाखविली. पॅलेस्टाइनमधील गाझा व शेजारचे इस्राएली गाव सदेरोत येथील सामान्य माणसांचे जीवन पडद्याच्या दोन अर्ध्या भागांत दिसे. दोन्हीकडच्या प्रत्येकी चाळीस, सुमारे दोन मिनिटांच्या चित्रफिती होत्या. चित्रण स्थानिक पथकांनीच केले होते.

येथेच विचार करावयास हवा. सदेरोतवर रॉकेटे पडत होती, हे खरे. परंतु गाझा २००७ पासून नाकेबंदीत होते. पडद्याचे भाग सारखे होते, परिस्थिती सारखी नव्हती. २३ डिसेंबर २००८ रोजी मालिका संपली आणि २७ डिसेंबरला गाझावर मोठा हल्ला सुरू झाला. तात्पर्य, वाचकाला दार निवडता येते. पण दारे कोणती ठेवावयाची, हे निर्माताच ठरवितो.

दुसरा धोका जतनाचा. यांतील अनेक माहितीपट ‘फ्लॅश’ या तंत्रावर उभे होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबी कंपनीने त्याचा आधार काढून घेतला व कित्येक कामे उघडेनाशी झाली. वाळवी लागलेला जुना अंक निदान अर्धा तरी वाचता येतो; येथे तेवढेही उरत नाही.

हदीसच्या अभ्यासात मजकुराबरोबर सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळीही तपासतात. मोबाईलवर बातमी पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना हीच सवय लावली पाहिजे. हे कोणी सांगितले, कोणाचे बोलणे वगळले आणि हा पुरावा उद्या शिल्लक राहील काय, हे तीन प्रश्न विचारणारा विद्यार्थीच नव्या साधनाचा खरा धनी होईल.