ढाबळीतली पोरकी पिल्लं

निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या नवाबी शौकांतला एक, कबुतरबाजी, मोगलांचाही आवडता. अकबराकडे वीस हजारांवर कबुतरं होती, त्यांतली ५०० खास, असं 'आइन-इ-अकबरी' सांगते. जहांगीरने मांडूहून बुऱ्हाणपूरला निरोप नेणारी कबुतरं तयार करवली.

पण कबुतरबाजाची खरी कसोटी पिल्लू वाढवण्यात. सुमारे १८ दिवसांनी अंडं फुटतं. पिल्लू डोळे मिटलेलं, पिवळ्या लवीचं. त्याला दाणा चालत नाही. नर-मादी दोघंही गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारं दह्यासारखं 'दूध' भरवतात. जॉन हंटरने १७८६मध्ये त्याचं वर्णन केलं.

म्हणून पोरकं पिल्लू दुसऱ्या जोडीच्या घरट्यात सरकवणं सोपं. हाताने भरवायचं तर कोमट, पातळ पेज लागते. पिल्लू आ वासत नाही. चोच खुपसून ओढतं. त्यामुळे पेजेत बुडवलेल्या बोटांच्या फटीत त्याची चोच अलगद धरावी लागते.