सूची आणि मूळ दफ्तर : फ्रीबीएसडीतील ‘पोर्टअपग्रेड’च्या बिघाडाचा विचार

आज्ञावलींचे नूतनीकरण करणारे साधनच त्या नूतनीकरणाने निकामी झाले, तर दुरुस्ती कशाच्या आधारे करावयाची? हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हे. मूळ साधन कोणते व साधित कोणते, या इतिहाससंशोधकाच्या नित्य परिचयाच्या प्रश्नाचेच ते एक रूप होय. युनिक्स परंपरेतील फ्रीबीएसडी या प्रणालीत त्याचे बोधप्रद उदाहरण आढळते.

जॉर्डन हबर्ड यांनी १९९४ मध्ये घातलेल्या ‘पोर्ट्स’च्या पायावर आज्ञावली मूळ संहितेपासून सिद्ध करण्याची व्यवस्था उभी राहिली. बसविलेल्या प्रत्येक आज्ञावलीची नोंद ‘/व्हार/डीबी/पीकेजी’ येथे स्वतंत्र कप्प्यात, साध्या मजकुराच्या रूपाने राही. तिच्या फायली कोणत्या आणि ती कोणकोणत्या आज्ञावलींवर अवलंबून आहे, हे तीत नमूद असे. अकिनोरी मुशा यांनी रूबी भाषेत रचलेले ‘पोर्टअपग्रेड’ हे साधन या नोंदी वाचून नूतनीकरणाचा क्रम ठरवी; शोध त्वरित व्हावा म्हणून त्यांवरून ‘पीकेजीडीबी.डीबी’ ही सूची तयार करी.

व्यंग येथेच होते. रूबी हीदेखील पोर्ट्समधूनच येत असे. ती किंवा सूची वाचणारा तिचा जोडभाग बदलला, की जुन्या सूचीचा साचा अपरिचित ठरण्याचा संभव असे, आणि मग साधन पहिल्याच पावलाला अडखळे. अशा वेळी सूची पुसून टाकावी, रूबी व पोर्टअपग्रेड हाताने पुन्हा सिद्ध करावे आणि ‘पीकेजीडीबी’ या आज्ञेने मूळ नोंदींवरून नवी सूची रचावी, हाच मार्ग होता. मात्र घाईने सूचीबरोबर कप्पेही पुसले गेले, तर आज्ञावली जागच्या जागी राहत, पण त्यांची स्मृती नष्ट होई.

जानेवारी २०१४ मधील दहाव्या आवृत्तीपासून ‘पीकेजी’ हे नवे साधन रूढ झाले. १ सप्टेंबर २०१४ रोजी जुन्या नोंदपद्धतीचा आधार संपला. बाह्य लायब्रऱ्या बिघडल्या तरी चालावे म्हणून ‘पीकेजी-स्टॅटिक’ हे स्वयंपूर्ण रूप सोबत देण्यात आले. जुने परावलंबन अशा रीतीने दूर झाले. परंतु सर्व नोंदी आता ‘लोकल.एसक्यूलाइट’ या एकाच फायलीत एकवटल्या. सूची हीच मूळ दफ्तर बनली. म्हणूनच तिची प्रत रोज ‘/व्हार/बॅकअप्स’मध्ये ठेवण्याची योजना प्रणालीत आहे. पूर्वी सूची गेली तरी दफ्तर उरत असे. आज प्रत नसेल, तर काहीच उरत नाही.