तारीख देणारा यजमान : जपानच्या ज्येष्ठांच्या क्रीडामहोत्सवाची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल की, साठी-सत्तरी उलटलेल्या लोकांचे क्रीडामहोत्सव हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय कसा काय? आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण एखादा समाज आपल्या म्हाताऱ्यांना कुठे बसवतो, की मुळात बसवून ठेवतो का, हे पाहिलं तर त्या समाजाचा बराच इतिहास हाती लागतो. म्हणून आज आपण एकाच देशाचं, म्हणजे जपानचं उदाहरण नीट बघू. मधेमधे इतर देशांत डोकावू, पण पुन्हा जपानमध्येच येऊ.

आमचा प्रश्न साधा आहे. ज्येष्ठांच्या क्रीडामहोत्सवाचं यजमानपद घेणारं गाव किंवा प्रांत नेमकं काय देतो? ऑलिम्पिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर स्टेडियम येतं, मशाल येते, नंतर फेडत बसायचं कर्ज येतं. इथे तसं नाही. आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. ज्येष्ठांच्या खेळांच्या यजमानाने द्यायची सर्वांत मोलाची गोष्ट मैदान नव्हे. ती गोष्ट म्हणजे तारीख.

आता जरा मागे जाऊ. १९४७ साल. जपान युद्धात हरलेला, शहरं बेचिराख झालेली. ह्योगो प्रांतातल्या नोमातानी नावाच्या एका खेड्याने १५ सप्टेंबर हा दिवस गावातल्या वृद्धांचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. ही कल्पना हळूहळू देशभर पसरली आणि १९६६ मध्ये ती राष्ट्रीय सुट्टी झाली. ज्येष्ठांप्रति आदर व्यक्त करण्याचा हा दिवस आजही पाळला जातो, फक्त २००३ पासून तो सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी येतो. कल्पना चांगलीच होती. पण तिची रीत लक्षात घ्या. ज्येष्ठांना बोलवायचं, मानाने बसवायचं, तरुणांनी त्यांच्यासाठी काहीतरी करायचं. मान होता, पण तो बसवून दिलेला मान होता.

दुसरा टप्पा १९७३ चा. जपानने सत्तरीपुढच्या लोकांचे औषधोपचार मोफत केले. ज्यांना पैशांअभावी दवाखाना परवडत नव्हता त्यांना याचा मोठा आधार झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण काही वर्षांतच टीका सुरू झाली की दवाखान्यातली बाकं म्हणजे म्हाताऱ्यांचा कट्टा झाली आहेत. खर्चही वाढत गेला. १९८२ मध्ये नवा कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून ज्येष्ठांनी थोडा खर्च स्वतः उचलायचा असं ठरलं. त्याच कायद्याने चाळिशीपासूनच्या आरोग्य तपासण्यांवरही भर दिला.

या सगळ्यामागे एक आकडा होता. १९७० मध्ये जपानमध्ये पासष्टीपुढचे लोक शंभरात सात होते. १९९४ मध्ये ते शंभरात चौदा झाले. म्हणजे दुप्पट व्हायला लागली चोवीस वर्षं. फ्रान्सला हाच पल्ला गाठायला शंभराहून अधिक वर्षं लागली होती. तेव्हा ऐंशीच्या दशकातल्या जपानी अधिकाऱ्यांपुढे प्रश्न असा होता की, हे सगळे लोक पुढची वीस-पंचवीस वर्षं करणार काय? रांगेत बसणार, की आणखी काही?

या वातावरणात १९८८ साल येतं. जपानच्या आरोग्य आणि कल्याण मंत्रालयाची स्थापना १९३८ ची, म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्या निमित्ताने साठीच्या आणि त्यापुढच्या लोकांसाठी एक राष्ट्रीय महोत्सव भरवायचं ठरलं. पहिला मान मिळाला ह्योगोला, म्हणजे ज्या प्रांतातल्या खेड्यात वृद्धांचा दिवस सुरू झाला होता त्याच प्रांताला. सरकारी नाव लांबलचक होतं, आरोग्य आणि कल्याण यांचा राष्ट्रीय महोत्सव वगैरे. लोकांच्या तोंडी बसलं ते दुसरंच नाव, नेनरिन्पिक. नेनरिन म्हणजे झाडाचं खोड आडवं कापल्यावर दिसणारी वाढीची वर्तुळं. त्याला ऑलिम्पिकचं शेपूट जोडलं. वर्षं सरली असं न म्हणता वर्तुळं वाढली असं म्हणणारं हे नाव आहे, आणि आम्हाला ते फार आवडतं.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. हा महोत्सव क्रीडा खात्याचा नाही, आरोग्य खात्याचा आहे. त्यामुळे वेगवान कोण, बलवान कोण, एवढ्यावर तो थांबत नाही. टेबल टेनिस, टेनिस, सॉफ्टबॉल, पोहणं, मॅरेथॉन, जपानी धनुर्विद्या, केंदो हे सगळं आहेच. पण त्याच महोत्सवात गो आणि शोगी हे पटावरचे खेळ आहेत, हायकू लिहिण्याची स्पर्धा आहे, चित्रांची प्रदर्शनं आहेत. माजाँगसुद्धा आहे. फक्त या माजाँगचे तीन नियम: पैसे लावायचे नाहीत, दारू प्यायची नाही, सिगारेट ओढायची नाही. आता हसू नका, पण ज्यांनी हे नियम केले त्यांना म्हाताऱ्या मंडळींचा चांगलाच अनुभव असणार!

काही सांघिक खेळांत आणखी एक गंमत आहे. संघात सत्तरीपुढचा खेळाडू असलाच पाहिजे, असा नियम असतो. म्हणजे साठीतल्या 'तरुणांनी' मिळून संघ बांधला आणि पंच्याहत्तरीच्या काकांना घरी ठेवलं, असं चालत नाही. काका नसतील तर संघच उभा राहत नाही. बाकी सगळीकडे वय अडचण ठरतं, इथे ते पात्रता ठरतं.

आता यजमानपद कसं चालतं ते बघू. जपानमध्ये ४७ प्रांत आहेत. युद्धानंतर १९४६ पासून तिथे राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरतात आणि त्या प्रांताप्रांतांतून फिरतात. नेनरिन्पिकनेही तीच फिरती पद्धत उचलली. साधारण चार दिवसांचा महोत्सव, दर वर्षी, शरद ऋतूत. खेळाडू आणि पदाधिकारी मिळून सुमारे दहा हजार माणसं येतात. यजमान प्रांत सगळे खेळ राजधानीच्या शहरात भरवत नाही, ते गावागावांत वाटून टाकतो. एका गावाला गेटबॉल, दुसऱ्याला पेतांक, तिसऱ्याला हायकू. त्यामुळे छोट्याशा गावालासुद्धा चार दिवस देशभरच्या पाहुण्यांचं आदरातिथ्य करायला मिळतं.

आणि खेळ कोणते, यावर यजमानाचा खर्च ठरतो. गेटबॉलचं उदाहरण घ्या. १९४७ मध्ये होक्काइदो बेटावर एका माणसाने क्रोकेवरून हा खेळ बेतला, तोही मुलांसाठी. रबर मिळत नव्हतं, चेंडू नव्हते. लाकूड मात्र भरपूर होतं, म्हणून लाकडी दांडा आणि लाकडी चेंडू. पुढे मुलांनी तो सोडला आणि आजी-आजोबांनी तो आपलासा केला. ग्राउंड गोल्फही असाच. १९८२ मध्ये तोत्तोरी प्रांतातल्या तोमारी गावात तो जन्मला. त्यात जमिनीत खड्डे खणत नाहीत. धातूची उभी चौकट कुठेही ठेवायची आणि चेंडू तिच्यात टोलवायचा. शाळेचं पटांगण चालतं, नदीकाठचं मोकळं रान चालतं. याचा अर्थ असा की यजमानाला नवं काही बांधावं लागत नाही. त्याने पाहायचं ते वेगळंच. बसची पायरी किती उंच आहे, स्वच्छतागृह मैदानापासून किती लांब आहे, सावलीत खुर्च्या आहेत ना, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे ना.

मंडळी, हे फक्त जपानमध्ये घडत होतं असं नाही. ऐंशीच्या दशकात ही हवा बऱ्याच ठिकाणी होती. १९८५ मध्ये कॅनडात टोरंटो इथे पहिल्या जागतिक मास्टर्स स्पर्धा झाल्या. ६१ देशांचे आठ हजारांवर खेळाडू आले. १९८७ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला ज्येष्ठांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, खेळाडू सुमारे अडीच हजार. या स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात, आणि त्याचा एक मजेशीर परिणाम होतो. एकोणऐंशी वर्षांचा धावपटू ऐंशीची वाट बघतो, कारण नव्या गटात तो सगळ्यात तरुण असतो! वाढदिवस जवळ येतोय म्हणून खूश होणारे म्हातारे आणखी कुठे पाहिलेत?

आपल्या देशाशीही याचा एक धागा आहे. २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडने जागतिक मास्टर्स स्पर्धा भरवल्या. सुमारे २८ हजार खेळाडू आले होते. त्यांत चंदीगडच्या मान कौर होत्या, वय १०१. त्यांनी शंभर मीटर अंतर सुमारे ७४ सेकंदांत पूर्ण केलं. त्यांच्या वयोगटात दुसरं कोणी नव्हतंच. धावायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडलेली होती. यजमान शहराने एक मार्गिका आखून, घड्याळ लावून, त्या दिवशी त्या वेळी ती शर्यत घेतली, म्हणून ती नोंद झाली. एकाच स्पर्धकासाठी शर्यत कशाला, असं त्यांनी म्हटलं नाही.

आता आपण मूळ मुद्द्यावर येतो. तारीख.

११ मार्च २०११ ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. मियागी प्रांताची अपरिमित हानी झाली. नेनरिन्पिकचं २०१२ चं यजमानपद याच मियागीकडे आणि त्याच्या सेंदाई शहराकडे होतं. आम्ही रद्द करतो, असं ते म्हणाले असते तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये, दीड वर्षात, तिथे महोत्सव झाला. पाहुणे आले, खेळले, परत गेले. तारीख पाळली गेली.

मग आलं २०२०. त्या वर्षीचा यजमान होता गिफू प्रांत. करोना आला आणि महोत्सव पुढे ढकलला गेला. २०२१ मध्येही तो होऊ शकला नाही. पुढच्या प्रांतांची तयारी आधीच चाललेली होती, त्यामुळे २०२२ ला कानागावा, २०२३ ला एहिमे, २०२४ ला तोत्तोरी आणि मग २०२५ मध्ये गिफूची पाळी आली. जागतिक मास्टर्स स्पर्धांचंही तसंच. त्या मे २०२१ मध्ये जपानच्या कान्साई भागात व्हायच्या होत्या. आधी २०२२ वर गेल्या, आणि आता मे २०२७.

याच काळात तोक्यो ऑलिम्पिक मात्र एकच वर्ष लांबलं आणि २०२१ मध्ये पार पडलं, जवळजवळ प्रेक्षकांविना. असं का? ऑलिम्पिक बघणारे घरी बसून टीव्हीवर बघतात, त्याचा पैसा तिथून येतो. ज्येष्ठांच्या स्पर्धांत बघणारे आणि खेळणारे वेगळे नसतात. पाहुणाच खेळाडू, आणि तो स्वतःच्या खर्चाने येतो. सीमा बंद झाल्या की सगळंच बंद. शिवाय त्या साथीत सगळ्यात जास्त धोका याच वयाला होता. म्हणजे ढकलण्याचा निर्णय चुकीचा होता असं आम्ही मुळीच म्हणत नाही. तो घ्यावाच लागला असता.

पण त्याची किंमत बघा. तिशीतल्या खेळाडूला 'स्पर्धा पाच वर्षांनी' म्हटलं तर तो चिडेल, पण जगेल. गिफूमध्ये २०२० साठी सराव करणारा ८२ वर्षांचा माणूस २०२५ मध्ये ८७ चा झाला, तोही असला तर. मान कौर ३१ जुलै २०२१ रोजी, १०५ व्या वर्षी गेल्या. कान्साईच्या मूळ तारखेनंतर जेमतेम अडीच महिन्यांनी. त्या तिथे धावणार होत्या असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की या वयाच्या लोकांसाठी 'पुढे ढकलली' आणि 'रद्द झाली' या दोन शब्दांत फारसं अंतर नसतं.

अमेरिकेने काय केलं तेही बघण्यासारखं आहे. त्यांच्या स्पर्धा दर दोन वर्षांनी, विषम सालांत होतात. २०२१ च्या स्पर्धा मे २०२२ मध्ये घेतल्या, आणि २०२३ च्या २०२३ मध्येच. म्हणजे सलग दोन वर्षं खर्च, धावपळ सगळं सोसलं, पण चक्र मोडू दिलं नाही.

आपल्याला हे समजायला लांब जायला नको. आषाढीला आलेला म्हातारा वारकरी निघताना काय म्हणतो? 'पुढच्या वारीला पाय चालले तर येईन.' त्याचं वर्ष त्या एका तिथीभोवती फिरतं. २०२० मध्ये वारी पायी निघू शकली नाही, तरी पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्याच. माणसं थांबली, पण तिथी थांबू दिली नाही.

शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, "आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला असं काही करायचं तर सुरुवात कुठून करावी? आमच्याकडे मैदानही नाही." आम्ही त्यांना सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. मैदान शाळेचं मागा, रविवारी ते रिकामंच असतं. खेळ असे निवडा की ज्यांना खड्डे, जाळ्या, गॅलऱ्या लागत नाहीत. कॅरम ठेवा, चालण्याची स्पर्धा ठेवा, काव्यवाचनही ठेवा. पण सगळ्यात आधी पुढच्या पाच वर्षांच्या तारखा फळ्यावर लिहा. आणि एखाद्या वर्षी पाऊस आला, पाहुणे कमी आले, स्पर्धक एकच उरला, तरी त्या दिवशी मैदानावर जाऊन चुन्याची रेघ मारा. ती रेघ बघायला कोणीतरी वर्षभर थांबलेलं असतं.