सेंट क्रॉस येथील धर्मालय : आश्रितांचे हक्क आणि मूळ दानपत्र

धर्मार्थ संस्थेंत राहून आयुष्याची अखेर काढणाऱ्या दुर्बल मनुष्याचा त्या संस्थेवर कांहीं हक्क असतो, कीं त्यास जें मिळतें तें केवळ चालकांच्या मर्जीनें मिळतें, हा प्रश्न आज वृद्धाश्रमांच्या संबंधानें वारंवार निघतो. प्रश्न नवा वाटला तरी तो फार जुना आहे, आणि त्याचा निकाल पुष्कळदां जुन्या कागदांवर अवलंबून राहिला आहे. इंग्लंडांत विंचेस्टर शहरानजीक सेंट क्रॉस नांवाचें धर्मालय आहे. त्याचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद असल्यामुळें तो संक्षेपानें येथें देत आहों.

विंचेस्टरचा बिशप हेन्री ऑफ ब्लोआ हा विजयी विल्यम राजाचा नातू व स्टीफन राजाचा भाऊ. त्यानें इ. स. ११३२ ते ११३६ या दरम्यान हें धर्मालय स्थापिलें. पुढें व्यवस्था हॉस्पिटलर पंथाच्या लोकांकडे सोंपवितांना त्यानें जें पत्र करून दिलें, त्यांत आश्रितांस काय द्यावयाचें हें स्पष्ट नमूद आहे. परक्याच्या आधारावांचून ज्यांस आपला निर्वाह करतां येत नाहीं असे तेरा गरीब पुरुष तेथें कायम राहावेत. त्यांस वस्त्रें व दुखण्यास साजेसा बिछाना द्यावा. रोज पांच मार्क वजनाची चांगल्या गव्हाची पावरोटी, दुपारीं तीन पदार्थ, रात्रीं एक, आणि पुरेसें पेय द्यावें. त्यांपैकीं कोणास पुनः शक्ति आल्यास त्यास मानानें निरोप देऊन त्याचे जागीं दुसरा घ्यावा. यांखेरीज शंभर गरिबांस रोज दुपारचें जेवण द्यावें व उरलेलें अन्न त्यांस घरीं नेऊं द्यावें, अशी आज्ञा आहे.

या पत्रांतील वजन व संख्या यांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ‘गरिबांस अन्न द्यावें’ एवढेंच लिहिलें असतें, तर कोरड्या तुकड्यानेंही आज्ञा पाळल्यासारखी झाली असती. रोटीचें वजन लिहिलें, म्हणजे वजन कमी भरल्यास तक्रारीस जागा झाली. बिछाना दुखण्यास साजेसा हवा असें लिहिलें, म्हणजे तो तसा आहे कीं नाहीं हें पाहणें प्राप्त झालें. ‘मानानें निरोप द्यावा’ या शब्दांनीं आश्रित हा बाहेर हांकलून देण्याजोगा भिकारी नव्हे, हेंही ठरलें. दया लिहून ठेवतां येत नाहीं. मोजमाप लिहून ठेवतां येतें, आणि हक्काचा आरंभ तेथूनच होतो.

परंतु लिहिलेलें पाळलें जातेंच असें नाहीं. विल्यम ऑफ वाइकेहॅम हा १३६७ मध्यें विंचेस्टरचा बिशप झाला, तेव्हां धर्मालयाची स्थिति शोचनीय होती. एकामागून एक आलेल्या मास्टरांनीं, म्हणजे मुख्य कारभाऱ्यांनीं, कोठारांतील माल व गुरेंढोरें आपलींच समजून नेलीं होतीं, आणि शंभर गरिबांचें जेवण बुडालें होतें. मास्टर रॉजर द क्लून याचें म्हणणें असें कीं, हें पद ही आपली वृत्ति आहे, तिच्या उत्पन्नाचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणास नाहीं. वाइकेहॅमनें जुन्या माहितगार लोकांच्या साक्षी घेतल्या आणि १३७० नंतरच्या दशकांत हा वाद नेटानें लढवून जिंकला. मास्टर हा मालक नव्हे, तो हिशेब देण्यास बांधलेला कारभारी आहे, असें ठरलें. आमच्याकडील देवस्थान-इनामांच्या तंट्यांत ‘हें आमचें वतन, कीं देवाचें उत्पन्न आमच्या हवालीं?’ असा जो प्रश्न वारंवार येतो, त्याचेंच हें रूप होय. पुढें १४४५ मध्यें कार्डिनल बोफर्टनें याच आवारांत, संपत्ति गमावलेल्या कुलीन लोकांकरितां दुसरी शाखा जोडली.

यानंतरचा प्रसंग कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १६९६ मध्यें मास्टर अब्राहम मार्कलंड याच्या वेळीं धर्मालयाच्या चालीरीतींचा एक लेख तयार झाला. त्याचें लॅटिन नांव ‘कॉन्सुएट्युडिनेरियम’; आपण त्यास रूढिपत्र म्हणूं. मूळ सनदा व नियम नष्ट झाले आहेत, सबब पूर्वापार चालत आलेली वहिवाट येथें लिहून ठेविली आहे, असा त्याचा रोख. त्या वहिवाटीप्रमाणें आश्रितांस ठराविक अन्नवस्त्र देऊन व नेमलेला खर्च भागवून जें शिल्लक राहील तें मास्टरचें! लेखावर मास्टरबरोबर आश्रितांच्या सह्या आहेत, आणि बिशप पीटर म्यूज याची मान्यता आहे.

‘मूळ कागद धामधुमींत गेले’ ही तक्रार मराठी महजरांत शेंकडों वेळां आढळते. ती खरी असूं शकते. आगी, लुटी, परचक्रें झालींच होतीं. परंतु अशा वेळीं आपले लोक काय करीत? गोत बसे, पांढरीची साक्ष होई, शेजारच्या गांवचे मोकदम येत, आणि वादी व प्रतिवादी दोघांसही बोलण्यास जागा असे. सेंट क्रॉसच्या रूढिपत्रांत यांपैकीं कांहींच नाहीं. ज्यास लाभ व्हावयाचा तोच लिहविणारा, आणि ज्यांचें नुकसान होण्याजोगें तेच साक्षीदार. ज्याच्या हातून रोजची रोटी घ्यावयाची, त्यानें पुढें केलेल्या कागदावर सही करण्यास वृद्ध व परावलंबी मनुष्य ‘नाहीं’ कसें म्हणणार? साक्षीचें मोल साक्षीदारांच्या संख्येवर नसतें, त्यांच्या स्वातंत्र्यावर असतें, हें तत्त्व येथें उघड दिसतें. आणि ज्या शंभर गरिबांचा वाटा मूळ पत्रांत होता, त्यांस तर कोणीं विचारलेंच नाहीं.

हें रूढिपत्र दीडशें वर्षांहून अधिक काळ चाललें. १८०८ मध्यें बिशप ब्राउन्लो नॉर्थ यानें आपला पुत्र फ्रान्सिस यास मास्टर नेमलें. हाच पुढें अर्ल ऑफ गिल्फर्ड झाला. धर्मालयाच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें दिलेल्या असत. वार्षिक खंड अल्प, पण पट्टा नवा करून देतांना मोठी रक्कम एकदम घ्यावयाची, अशी पद्धत होती. ही रक्कम म्हणजे आपल्या भाषेंत नजराणाच. खंड धर्मालयाच्या खात्यावर पडे, नजराणा मास्टरकडे जाई. तेरा आश्रितांचें अन्न बंद झालें नव्हतें, हें खरें. कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? उत्तर असें कीं, दानाचें उत्पन्न वाढलें तर त्यानें अधिक दुर्बलांचें पोषण व्हावें, कारभाऱ्याचें नव्हे. आश्रितास पोटापुरतें मिळालें म्हणून त्याच्या नांवानें आलेलें बाकीचें धन दुसऱ्याचें होत नाहीं.

१८४९ मध्यें सरकारचे मुख्य वकील अटर्नी-जनरल यांच्या नांवें फिर्याद झाली. १८५३ मध्यें मास्टर ऑफ द रोल्स सर जॉन रोमिली यांनीं निकाल दिला. त्यांत त्यांनीं बाराव्या शतकापासूनचा धर्मालयाचा इतिहास विचारांत घेऊन रूढिपत्र साफ अग्राह्य ठरविलें. मार्कलंडच्या वेळीं नष्ट झाला म्हणून सांगितलेला हेन्रीचा मूळ हेतु अशा रीतीनें सातशें वर्षांनीं पुनः उभा राहिला. गिल्फर्डनें १८५५ मध्यें पद सोडलें, आणि १८५७ मध्यें विश्वस्त नेमून नवी व्यवस्था झाली. त्याच १८५३ सालीं धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारें कमिशन पार्लमेंटनें कायद्यानें स्थापिलें. १८५५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अँथनी ट्रॉलप याच्या ‘द वॉर्डन’ या कादंबरीस अशाच खटल्यांची पार्श्वभूमि आहे.

मात्र फिर्याद आश्रितांच्या नांवें नव्हती, हें विसरतां कामा नये. संस्थेच्या भिंतीबाहेरील अधिकाऱ्याच्या नांवें ती चालली. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. आश्रिताचा हक्क लिहिलेला असला पाहिजे. आणि संस्थेच्या चालकांवर अवलंबून नसलेल्या कोणाच्या तरी हातीं तो लेख पोंचला पाहिजे. पहिलीवांचून दुसरी आंधळी, दुसरीवांचून पहिली मुकी.

हा विषय केवळ पुराणा नाहीं. २००७ मध्यें इंग्लंडच्या लॉर्डसभेच्या न्यायपीठापुढें स्मृतिभ्रंशानें पीडित अशा ८४ वर्षांच्या एका स्त्रीचा दावा आला. तिची सोय बर्मिंगहॅमच्या नगरसभेनें एका खासगी शुश्रूषागृहांत केली होती, व तेथून तिला काढण्याचें घाटत होतें. १९९८ च्या मानवी हक्कांच्या कायद्याचा आधार तिला त्या गृहाविरुद्ध घेतां येईल काय, हा प्रश्न होता. तीन विरुद्ध दोन मतांनीं निकाल तिच्या विरुद्ध लागला. हक्क कागदावर होता, पण ज्या दारीं तो दाखवावयाचा तें दार त्या कागदाच्या कक्षेंत नव्हतें. पुढील वर्षीं, २००८ मध्यें, पार्लमेंटनें कायदा करून ही उणीव बव्हंशीं भरून काढली.

आपल्याकडे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ मध्यें झाला. प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, व त्यांत निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम, असें कलम त्यांत आहे. संख्या लिहिली हें चांगलेंच झालें. परंतु सनदेचा शब्द न् शब्द पारखणाऱ्या आमच्या वाचकांस तेथें एक गोष्ट ताबडतोब दिसेल : राज्य सरकारांनीं असे आश्रम ‘स्थापावेत’ असें तेथें नाहीं, ‘स्थापूं शकतील’ असें आहे. एवढ्या एका क्रियापदांत हक्क व कृपा यांमधील सारें अंतर सांठविलेलें आहे.

तात्पर्य, संग्राहकांस आमची विनंति एवढीच. दप्तरें चाळतांना राजकारणाचीं पत्रें आपण हौसेनें जपतों; अन्नछत्राची नेमणूक, धर्मशाळेचा शिधा, अनाथगृहाचा हिशेब यांच्या यादी मात्र किरकोळ म्हणून बाजूला पडतात. कोणाच्या ताटांत काय पडावें असें ठरलें होतें, याचा तोच एक पुरावा असतो. त्या यादींवर तारीख, ठिकाण व मिळाल्याची हकीकत टिपून त्यांच्या नकला मूळ गांवीं व मूळ संस्थेंतही ठेवाव्यात. ‘मूळ कागद राहिले नाहींत’ असें म्हणण्याची सोय पुढील कोणा मार्कलंडास राहूं नये, एवढें काम आपल्या हातचें आहे.