कंपाइल होईपर्यंत

कंपायलरच्या संथपणाची तक्रार कंपायलरइतकीच जुनी आहे. जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये आयबीएम ७०४ साठी फोरट्रानचा कंपायलर दिला. तेव्हा प्रोग्राम पंचकार्डांच्या गठ्ठ्यात असे. गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि छापील निकालाची वाट पाहायची. त्यात तास जात, कधी रात्रही जाई. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा रांग.

युनिक्सवर पहिला नेमका इलाज १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये निघाला. तिथल्या एकाची अख्खी सकाळ एक चूक शोधण्यात गेली. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. त्यावरून स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. तयार फाइलपेक्षा मूळ फाइल नंतरची असेल, तरच मेक ती कंपाइल करायला घेते. युक्ती इतकी साधी, की ती आधी कुणाला सुचली नाही याचेच नवल वाटावे.

घरगुती संगणकांवर अडचण वेगळी होती. तिथे कंपायलर अनेक फेऱ्यांत चाले आणि प्रत्येक फेरीला फ्लॉपी कुरकुरत राही. १९८३ मध्ये बोरलँडने अँडर्स हेल्सबर्ग यांच्या कंपायलरवर बेतलेले टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला बाजारात आणले. ते एकाच फेरीत आणि मेमरीतच काम उरकत असे.

सी आणि सी++ मध्ये मात्र वेळ खाणारी सोय भाषेतच आहे. हेडर फाइलचा सगळा मजकूर ती मागणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये जसाच्या तसा ओतला जातो. विंडोजचे मुख्य हेडर तर अवाढव्य. म्हणून तिथे हेडर एकदाच वाचून तयार रूपात साठवण्याची पद्धत रुळली.

तरीही तोच कोड त्याच यंत्रावर लिनक्सपेक्षा विंडोजवर अनेकदा रेंगाळतो, आणि त्याचा दोष सगळा कंपायलरचा नसतो. बिल्ड म्हणजे हजारो छोट्या प्रोसेस आणि त्याहून अधिक वेळा उघडलेल्या फाइली. युनिक्सच्या घराण्यात नवी प्रोसेस स्वस्त, विंडोजवर महाग. नवी प्रोसेस सुरू करण्याची युनिक्सची फोर्क ही पद्धत विंडोजवर नकलेने आणणाऱ्या सिग्विनमध्ये तर ती फारच जड पडते. शिवाय विंडोजवर उघडलेली फाइल आधी अँटिव्हायरसच्या नजरेखालून जाते. पहारेकरी प्रामाणिक खरा, पण दर खेपेला झडती घेतो.

लिनक्सच्या गोटात २००२ च्या सुमारास दोन साधने आली. मार्टिन पूल यांचे डिस्टसीसी काम नेटवर्कवरच्या यंत्रांत वाटून देते. अँड्र्यू ट्रिजेल यांचे सीकॅश आधी कंपाइल झालेले जपून ठेवते. युनिक्स आणि विंडोजच्या यंत्रांत फाइलींची देवाणघेवाण घडवणारे सांबा लिहिणारे ट्रिजेल हेच. ॲपलने २००३ च्या एक्सकोडमध्ये डिस्टसीसीचाच आधार घेतला. पुढे क्रोमसारख्या प्रकल्पांत मेकचा नुसता आरंभच जड होऊ लागला. काय बदलले हे ठरवण्यातच वेळ जाई. त्यातून गुगलमधील इव्हान मार्टिन यांचे निंजा जन्मले.

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये विंडोज ११ साठी ‘डेव्ह ड्राइव्ह’ आणला. कोडसाठी राखलेल्या या वेगळ्या व्हॉल्यूमवर फाइल आधी उघडू दिली जाते आणि झडती मागाहून होते.