कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी धमन्या कडक? स्वप्रतिपिंडांवर संशय का आहे

नाशिकच्या कुठल्याही लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल करून मिळतं. आकडे मर्यादेत आले की पस्तिशीतल्या बाईच्या छातीतलं दुखणं घरात सहसा 'अ‍ॅसिडिटी' ठरतं. तिला ल्युपस हा आजार असेल, तर हा निष्कर्ष महागात पडू शकतो.

ल्युपसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. जंतूंशी लढण्यासाठी तयार होणारी प्रथिनं म्हणजे प्रतिपिंडं, इंग्रजीत अँटिबॉडी. ती आपल्याच शरीराविरुद्ध तयार झाली की त्यांना स्वप्रतिपिंडं म्हणतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग इथे ल्युपस असलेल्या ४९८ स्त्रियांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३५ ते ४४ वयोगटात हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या तुलनेत पन्नास पटींहून जास्त आढळलं. या वयात हार्ट अटॅक मुळात फार कमी येतो, म्हणून गुणाकार एवढा मोठा दिसतो हे खरं. तरीही रक्तदाब, धूम्रपान, कोलेस्टेरॉल या नेहमीच्या कारणांनी हा फरक पुरता उलगडत नाही.

मग धमनीत काय होत असावं? रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, धमनीच्या अस्तराखाली शिरतं आणि तिथे त्याचं ऑक्सिडीकरण होतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी गिळून फुगतात आणि तिथेच अडकतात. कडक धमनीतल्या थराची, म्हणजे प्लाकची, ही सुरुवात. काही स्वप्रतिपिंडं या बदललेल्या एलडीएलला चिकटतात. प्रयोगशाळेत असं दिसतं, की ती चिकटल्यावर पांढऱ्या पेशी चरबी आणखी अधाशीपणे गिळतात. अँटिफॉस्फोलिपिड नावाची स्वप्रतिपिंडं तर रक्ताच्या गुठळ्याही करतात. वारंवार गर्भपात किंवा तरुण वयात पायाच्या शिरेत गुठळी होणं, ही त्यांची ओळखीची खूण.

इतकं वाचून स्वप्रतिपिंडांना दोषी ठरवून मोकळं व्हावंसं वाटतं. पण पुरावा तसा सरळ नाही. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये १९७ ल्युपस रुग्णांच्या मानेतल्या धमन्या सोनोग्राफीने तपासल्या. ३७ टक्के रुग्णांमध्ये प्लाक होता; ल्युपस नसलेल्यांमध्ये १५ टक्के. गंमत म्हणजे, एकाहून अधिक प्रकारची स्वप्रतिपिंडं असलेले रुग्ण प्लाक असणाऱ्यांत कमी निघाले. त्याच वर्षी उंदरांवरच्या एका प्रयोगात न्यूमोकोकस जंतूची लस दिल्यावर धमन्यांतला थर कमी वाढला, कारण लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं ऑक्सिडीकरण झालेल्या एलडीएललाही पकडत होती. म्हणजे काही प्रतिपिंडं घात करणारी, काही राखण करणारी आणि काही नुसती साक्षीदार असू शकतात. दीर्घकाळ चालणारी सूज, किडनीचा त्रास आणि स्टेरॉइड यांचाही धमन्यांवर परिणाम होतो. यातला कोणाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

महाराष्ट्रात स्वप्रतिपिंडांवर काम करणारी जुनी संस्था मुंबईत आहे: परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. पण म्हणून सगळ्यांनी ही तपासणी करून घ्यायची गरज नाही. निरोगी माणसांतही काही स्वप्रतिपिंडं सापडतात, आणि उगाच आलेला 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट झोप उडवतो. अँटिफॉस्फोलिपिड तपासणी तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून पाहिल्याशिवाय निदान पक्कं धरत नाहीत.

ज्यांना ल्युपस किंवा संधिवाताचा रुमॅटॉइड प्रकार आहे, त्यांचं गणित वेगळं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुमॅटॉइड रुग्णाचा हृदयविकाराचा अंदाजित धोका दीडपट धरावा. रक्तदाब, साखर, तंबाखू यांच्यावर लवकर लक्ष द्यावं आणि डॉक्टरांना न विचारता औषधं बंद करू नयेत. अशा रुग्णाला छातीत दाब जाणवला, जबड्यात किंवा हातात कळ आली, दम लागला, तर जेलुसिल घेऊन सकाळची वाट पाहू नये. लगेच दवाखाना गाठून ईसीजी काढावा आणि डॉक्टरांना आपला जुना आजार आधी सांगावा.