किल्ली तिकडेच राहिली

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातल्या जुन्या वस्तूंवर दरवर्षी खटला उभा राहतो. आमच्या अंबाजोगाईच्या घरातले ठरलेले आरोपी तीन: एका कानाची कढई, आजोबांची पत्र्याची ट्रंक आणि अण्णांचा संगणक. फिर्यादी घरातली बायकामंडळी, आणि तिन्ही आरोपींचे वकीलपत्र घेतलेले अण्णा. दरवर्षी आरोपी निर्दोष सुटतात आणि धूळ खायला पुन्हा आपापल्या जागी जातात. यंदा मात्र संगणकाचा खटला चांगलाच लांबला आणि त्यातून पन्नास वर्षांचा इतिहास बाहेर पडला. तो वाचकांना सांगावा म्हणून हा लेख.

अण्णा म्हणजे माझे वडील. १९९९ साली ते शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाले. फंडाच्या पैशांत लोक मागच्या अंगाला एखादी खोली काढतात. अण्णांनी संगणक घेतला. त्यावर ते मराठी टंकलेखन शिकले आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या निजामी अमदानीच्या आठवणी एकेक करून लिहू लागले. पंचवीस वर्षे हे लेखन चालू आहे. कागदावर छापून निघाले ते पहिल्या काही वर्षांचेच; पुढे प्रिंटर बिघडला तो बिघडलाच. आता अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत, नजर अधू झाली आहे, आणि संगणकाचा तो जाडजूड पडदाही मधूनच अंधारतो. "आमच्या दोघांत आधी कोण मिटतो, तेवढं बघायचं राहिलंय," असे ते हसत म्हणतात. आम्हांला मात्र हसू येत नाही.

यंदा माझी मुलगी पुण्याहून नवा संगणक घेऊन आली. "आजोबा, तुमचं सगळं लिखाण यात घेऊ. अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं, आणि सांगितलं तर हा वाचूनही दाखवतो." वाचून दाखवतो म्हटल्यावर अण्णा खुर्चीत सावरून बसले.

आता हे घ्यायचे कसे? फ्लॉपीचा कप्पा कधीच मुका झालेला. पेनड्राइव्ह हा प्रकार या यंत्राच्या जन्मानंतर रुजला. त्याची ओळख याला कोणी करून दिलीच नव्हती. परंतु कोण्या काळी बसवून घेतलेले नेटवर्कचे कार्ड मागच्या बाजूला तसेच होते, आणि घरात इंटरनेटची पेटी आहेच. मुलीने जुन्यातून एक वायर पेटीत घातली, नव्यातून दुसरी घातली. दोन्हीकडे हिरवे दिवे लागले. घरात दिवाळी दोन दिवस आधीच आली म्हणा ना!

ते हिरवे दिवे म्हणजे एका जुन्या कराराची साक्ष. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी एकाच वायरीवर अनेक यंत्रांनी बोलावे कसे, याचे नियम बांधायला घेतले. त्याचे नाव ईथरनेट. पुढे तारा बदलल्या, वेग हजारो पटींनी वाढला. पण नव्याने जुन्याला सांभाळून घ्यावे, हा त्या घराण्याचा कुळाचार राहिला. नव्याने हळू बोलायचे मान्य केले, म्हणून तर दिवे लागले.

मात्र दिवे लागले म्हणजे दार उघडले असे नव्हे. नव्या संगणकाला जुना दिसेना. याचेही कारण इतिहासात आहे. एका यंत्रातील फाइली दुसऱ्याने आपल्या घरच्यासारख्या उघडाव्यात, अशी एक पद्धत आय.बी.एम. कंपनीत १९८० नंतरच्या दशकात जन्माला आली. तिचे आद्याक्षरी नाव एस.एम.बी. मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली आणि कचेरीकचेरीत नेली. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तिचा उलगडा करून दुसऱ्या जातीच्या यंत्रांनाही तीच बोली बोलायला लावली. पुढे आपल्या कामाला नाव हवे म्हणून त्याने शब्दांच्या यादीतून एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने असणारे शब्द शोधले आणि 'सांबा' निवडले. आपल्या घरी फोडणीच्या वासाने 'सांबार'च आठवावे, पण ते नाव नाचाचे आहे!

पण या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीची कडी कमकुवत होती. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या संगणकी दरवडेखोराने नेमकी तीच कडी काढून देशोदेशीच्या यंत्रांत शिरकाव केला. इंग्लंडात इस्पितळांचे कामकाज अडले. त्या वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमधून ती जुनी आवृत्ती मुळातच वगळली जाऊ लागली. तेव्हा नव्या यंत्राने दार लावून घेतले, यात त्याचा उर्मटपणा नव्हता. गावात दरोडा पडल्यावर घराने रात्री कडी घालावी आणि नेमका तेव्हाच म्हातारा पाहुणा दाराशी यावा, तसे हे झाले. जुनी कडी काढून ठेवण्याचा उपाय होता, पण तो मुलीने साफ नाकारला, आणि ते बरोबरच होते.

मग तिने त्याहूनही जुनी वाट धरली. तिचे नाव एफ.टी.पी. आणि ही वाट घालणारा माणूस आपला. कानपूरच्या आय.आय.टी.च्या अगदी पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले अभय भूषण पुढे अमेरिकेत एम.आय.टी.त गेले आणि १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे फाइल पाठवण्याच्या नियमांचा मसुदा लिहिला. त्या वेळी अमेरिकेत मोजकीच यंत्रे एकमेकांना जोडलेली होती आणि ती एकाच जातीची नव्हती. कोणाचे माप बत्तीसचे, कोणाचे छत्तीसचे. भूषणांनी केले ते एवढेच: तुझ्या घरात सामान कसे लावले आहेस हे तू सांगू नकोस, मी विचारत नाही; दाराशी कोणते शब्द बोलायचे तेवढे ठरवू. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात, आमच्या बीड जिल्ह्यातली माणसे खडी फोडायला जात होती. त्या दोन जगांना जोडणारी वायर एक दिवस आमच्या ओसरीवर येईल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नात असणार?

अण्णांच्या जुन्या यंत्रात ही बोली मुळातच होती. नव्याने घरापुरते एक दार उघडले, काम झाल्यावर लावून घ्यायचे या बोलीवर. वातीवरची काजळी झाडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पंचवीस वर्षांचे लेखन इकडून तिकडे आले. मुलीने पहिली फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! अण्णा जवळ सरकले, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, "अरं, सामान आलं की सगळं, पण किल्ली तिकडंच राहिली!"

म्हणून जुन्या यंत्रातला मराठी फाँटही आणला. तत्क्षणी खिचडीची मराठी झाली. आम्ही जिंकलो असे वाटले. मग मुलीने नव्या संगणकाला वाचायला सांगितले, तर तो भल्या घरचा गडी तीच खिचडी इंग्रजीतून मोठ्याने वाचू लागला. त्याचे चुकले नव्हते. त्या काळचे पुष्कळसे फाँट असेच होते: फाइलीत अक्षरे इंग्रजी, त्यांच्यावर मराठीचे आकार चढवलेले. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या लेखी ती मराठी नव्हतीच.

ही उणीव जाणत्यांना ठाऊक होती. कानपूरला आय.आय.टी.त आणि पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सीडॅकमध्ये भारतीय लिपींवर मोठे काम झाले. १९९१ साली 'इस्की' हा भारतीय मानकसंकेत ठरला. त्यात आकाराला नव्हे, तर वर्णाला क्रमांक मिळाला. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिपींसाठी युनिकोड आले आणि त्यातली देवनागरीची १२८ घरे इस्कीच्याच आधारावर आखली गेली. विंडोजमधील 'मंगल' हा युनिकोड फाँट ज्यांनी रेखाटला, ते र. कृ. जोशी आपले मराठी कवी आणि सुलेखनकार. परंतु हा करार घरोघरी पोचेपर्यंत पुष्कळ वर्षे गेली, आणि अण्णांसारख्या हजारोंचे लेखन जुन्या आकारांत अडकून राहिले.

अण्णा मात्र हे ऐकून उठले आणि ट्रंक घेऊन आले. ट्रंकेत आजोबांचे कागद आहेत. काही मोडीत, काही उर्दूत. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सरकारदरबारची भाषा उर्दू आणि खाजगी हिशेब बहुधा मोडीत. त्या कागदांत आमच्या गावाचे नाव मोमिनाबाद आहे आणि साल फसली. तेराशे सत्तावन्न हा आकडा पाहून नवखा माणूस घाबरेल. त्यात ५९० मिळवले की १९४७ लागते, हा हिशेब अण्णांना तोंडपाठ. पण अक्षर? संस्थान गेले तेव्हा अण्णा सात वर्षांचे. ते बालबोध शिकले. मोडी शाळांतून उठत गेली. आजोबा एकेक कागद वाचून दाखवत आणि अण्णा ऐकत. "सगळे वाचून घेऊ, असं म्हणत राहिलो," अण्णा म्हणाले. "बाबा गेले. कागद घरात राहिले, वाचणारा गेला." २०२३ साली मराठवाड्यात निजामकाळच्या नोंदी शोधण्याचे सरकारी काम निघाले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची जी शोधाशोध झाली, ती याच दुखण्याची होती.

पुढचे तीन दिवस आमच्या घरात फराळाबरोबर लिप्यंतर चालले. कोणत्या इंग्रजी चिन्हामागे कोणता मराठी आकार, याचा तक्ता मुलीने जमवला. पण जुन्या फाँटात अक्षरे डोळ्यांच्या क्रमाने ठेवलेली, आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. रफार दिसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर, म्हणून जुन्यात तो शेवटी. उच्चारात मात्र तो आधी. परिणामी 'धर्म' चा झाला 'धमर्' आणि 'वर्ष' चे 'वषर्'. ऱ्हस्व वेलांटीही अशीच अक्षराच्या आधी येऊन उभी राहिली. अण्णा जुन्या पडद्याला नाक लावून वाचत, मुलगी नव्यात दुरुस्त करी आणि मी चहा करी. एका जागी नव्या यंत्राने शब्द गाळला होता आणि त्याच वेळी जुना पडदा अंधारला. अण्णांनी डोळे मिटले आणि पुढचे दोन परिच्छेद पाठ म्हणून दाखवले.

पाडव्याच्या संध्याकाळी नव्या संगणकाने आजोबांची गोष्ट वाचली. आवाज सपाट, सूर ना ताल. 'कुळकर्णी' म्हणताना एकदा अडखळला. तरी अण्णा डोळे मिटून ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी एक चूक काढली, यंत्राची नव्हे, स्वतःची. "ते गाव बाबांनी वेगळं सांगितलं होतं. दुरुस्त कर बाई," आणि तिथून पुढे त्यांनी राहिलेले प्रकरण सांगायला घेतले.

आमच्या गावी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब नि चार फूट रुंद कापडावर लिहिलेली. माणसाने कापडावर लिहिले, कागदावर लिहिले, आता विजेवर लिहितो आहे. वस्तू टिकवायची काळजी आपण घेतो. ती वाचायची कशी, हे लिहून ठेवायचे मात्र राहून जाते. कारण ते आपल्याला येत असते, आणि आपण कायमचे आहोत असे वाटते.

जुना संगणक यंदाही निर्दोष सुटला. त्याच्या अंगावर आता अण्णांच्या हातचा एक कागद चिकटवला आहे: फाँट कोणता, तक्ता कोठे, फाइली कशा उघडायच्या. ट्रंक या वेळी माळ्यावर गेली नाही. मोडी वाचणारे एक गृहस्थ तुळशीच्या लग्नानंतर घरी यायचे आहेत. वाचकहो, फराळ आटोपला की आपणही एकदा माळ्यावर नजर टाकावी; आणि घरात वाचून दाखवणारे कोणी असेल, तर आधी त्यांच्यापाशी जाऊन बसावे.